सायपायच्या ‘१.०’ला सोळा वर्षे का लागली?

२५ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘सायपाय’ या पायथन लायब्ररीची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. सॉफ्टवेअरच्या जगात १.० म्हणजे सामान्यतः बालपण संपल्याची खूण. परंतु सायपायचा जन्म २००१ चा. ट्रॅव्हिस ओलिफंट, एरिक जोन्स आणि पीअरू पीटरसन या तिघांनी आपापली गणिती साधने एकत्र करून ती उभी केली, आणि पुढील सोळा वर्षे तिचा आवृत्ती-क्रमांक शून्यानेच सुरू होत राहिला. दरम्यान जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यावर विसंबू लागल्या होत्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर झाला, तेव्हा लायगोने त्या संकेताची विदा सर्वांसाठी खुली केली आणि ती कशी तपासावी याचा पायथनमधील पाठही सोबत दिला. त्या पाठात गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याचे काम सायपाय करीत होती. दोन कृष्णविवरांची टक्कर उलगडण्याइतकी ती प्रौढ होती, मग १.० म्हणवून घेण्यास अडचण कसली होती?

प्रकाशनासोबतच्या निवेदनात तिच्या कर्त्यांनी स्पष्टच लिहिले की हा क्रमांक फार पूर्वीच मिळावयास हवा होता. नुकतीच साध्य झालेली काही उद्दिष्टे त्यांनी पुढे नोंदविली, आणि त्यांतील तांत्रिक उद्दिष्टांत ठळकपणे होती ती विंडोजसाठीची ‘व्हील’ फाइल. म्हणजे, विंडोजचा संगणक असलेल्या विद्यार्थ्याने एक ओळ टाइप करावी आणि सायपाय बसावी, एवढीच गोष्ट. ती घडण्यास सोळा वर्षे लागली. गणित अवघड होते म्हणून नव्हे. एका यंत्रावर बांधलेली वस्तू दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवणे अवघड होते म्हणून.

ही अडचण पायथनच्याही आधीची आहे. लॅरी वॉल यांची पर्ल ही भाषा डिसेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या पर्ल ५ ने मॉड्यूलांची सोय केली: भाषेचा गाभा लहान ठेवावा, आणि ज्याला जे हवे त्याने ते बाहेरून जोडून घ्यावे. पण बाहेरून म्हणजे कोठून? ज्याने त्याने लिहिलेली मॉड्यूले निरनिराळ्या विद्यापीठांच्या संगणकांवर विखुरलेली होती. टेक या मुद्रणप्रणालीच्या चाहत्यांनी आपल्या साहित्याचे एक सामाईक भांडार त्यापूर्वीच उभे केले होते. त्याच धर्तीवर यार्को हिएतानिएमी यांनी फिनलंडमधील ‘फ्युनेट’ या शैक्षणिक जाळ्यावर पर्लचे भांडार रचले. ऑक्टोबर १९९५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्याचे नाव सीपॅन. त्याच्या प्रतिकृती देशोदेशीच्या सर्व्हरांवर ठेवल्या गेल्या. मंद जोडण्यांच्या त्या काळात जवळच्या प्रतिकृतीवरून फाइल उतरवून घेता येणे ही मोठीच सोय होती.

सीपॅनवरचे मॉड्यूल बसविण्याची रीत चार आज्ञांची होती. पहिली आज्ञा त्या संगणकाची पाहणी करून ‘मेकफाइल’ लिही, दुसरी बांधणी करी, तिसरी चाचण्या घेई आणि चौथी सिद्ध झालेली वस्तू योग्य जागी ठेवी. या चार आज्ञांत एक मोठे गृहीतक दडलेले होते: वापरणाऱ्याकडे सी भाषेचा कंपायलर आहे. अनेक मॉड्यूले निम्मी पर्लमध्ये आणि निम्मी सीमध्ये लिहिलेली असत, कारण वेग हवा असे किंवा एखाद्या जुन्या सी-लायब्ररीशी बोलावयाचे असे. युनिक्स संगणकावर कंपायलर बहुधा असेच. विंडोजवर तो नसे. तेथे ‘मेक’ हा प्रोग्रामही नसे. मायक्रोसॉफ्टचा ‘एनमेक’ निराळा आणि त्याची बोली किंचित वेगळी. जुन्या मॅक प्रणालीवर तर फोल्डरांची नावे तिरप्या रेघेऐवजी अपूर्णविरामाने तोडली जात, त्यामुळे फाइलचा पत्ता थेट लिहिणारे मॉड्यूल तेथे पाऊल टाकताच ठेचकाळे.

पर्लच्या मंडळींनी यावर शोधलेला एक उपाय आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९९८ पासून ‘सीपॅन टेस्टर्स’ नावाचे स्वयंसेवक नवीन मॉड्यूल आपापल्या यंत्रावर बसवून पाहू लागले आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या की नापास, याचा अहवाल पाठवू लागले. लेखकाने विंडोज कधी पाहिली नसली, तरी आपले मॉड्यूल तेथे कोठे मोडते हे त्याला आपोआप कळे. आज ‘निरंतर चाचणी’ या नावाने जे मिरविले जाते, त्याचे हे बिनखर्ची पूर्वरूप.

तथापि अहवालाने मॉड्यूल बसत नाही. विंडोजवरच्या पर्लवाल्यांची खरी सोय केली ती ॲक्टिव्हस्टेट या कंपनीने. तिने आधीच बांधून ठेवलेली मॉड्यूले ‘पीपीएम’ नावाच्या साधनातून पुरविली. पुढे ॲडम केनेडी यांच्या ‘स्ट्रॉबेरी पर्ल’ने नेमका उलटा मार्ग धरला: तयार मॉड्यूल न देता पर्लसोबत कंपायलरच देऊन टाकला, म्हणजे विंडोजवाल्यानेही युनिक्सवाल्यासारखे घरीच बांधावे. एकाने शिजवलेले अन्न पाठविले, दुसऱ्याने चूल पाठविली.

संख्याशास्त्रज्ञांच्या ‘आर’ या भाषेने तिसरा मार्ग निवडला. तिचे ‘क्रॅन’ हे भांडार १९९७ मध्ये सुरू झाले. नावापासूनच त्यावर सीपॅनची छाया आहे. परंतु क्रॅनच्या व्यवस्थापकांनी बांधणीचा भार स्वतःवर घेतला. लेखकाने उगम-संहिता पाठवावी, विंडोज आणि मॅकसाठीची तयार फाइल भांडारच बांधील. अर्थशास्त्राच्या वा जीवशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्याला कंपायलर म्हणजे काय हे कधी कळले नाही, त्यालाही आर वापरता आली, याचे पुष्कळसे श्रेय या एका निर्णयाला द्यावे लागते. पायथनला हे शहाणपण फार उशिरा सुचले, आणि तेही अर्धेच.

पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ ची, ग्विडो व्हान रॉसम यांची. तिच्यात मॉड्यूल बसविण्याची प्रमाणित सोय येण्यास २००० साल उजाडले. ग्रेग वॉर्ड यांनी रचलेले ‘डिस्ट्युटिल्स’ त्या वर्षी भाषेसोबत मिळू लागले. भांडार आले त्यानंतर, रिचर्ड जोन्स यांच्या प्रस्तावातून. त्याचे नाव पायपीआय. पण कित्येक वर्षे त्याला ‘चीज शॉप’ म्हणत. माँटी पायथन या विनोदी चमूच्या ज्या प्रवेशावरून हे नाव आले, त्यातील चीजच्या दुकानात चीज मुळीच नसते. नाव अगदीच अन्वर्थक होते, कारण सुरुवातीला पायपीआयवर मॉड्यूलांची केवळ सूची असे. माल ज्याच्या त्याच्या संकेतस्थळावर.

डिस्ट्युटिल्सची मुळातली मेख त्याच्या ‘सेटअप’ फाइलमध्ये होती. ती निव्वळ माहितीपत्रक नव्हती, तो एक चालणारा प्रोग्राम होता. मॉड्यूलाला आणखी काय काय लागते हे जाणून घेण्यासाठी तो प्रोग्राम चालवावा लागे, आणि तो चालविण्यासाठी काही वेळा त्याच वस्तू आधीच बसलेल्या असाव्या लागत. सायपाय हे याचे ठळक उदाहरण: तिची सेटअप फाइल उघडताच नमपाय मागे. आधी कोंबडी की आधी अंडे, हा वाद पायथनच्या जगात २०१६ पर्यंत अनिर्णित राहिला. त्या वर्षी मान्य झालेल्या ५१८ क्रमांकाच्या प्रस्तावाने बांधणीच्या गरजा एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत घातली. शिवाय, कोणा अनोळखी व्यक्तीचा प्रोग्राम केवळ ‘बसविताना’ आपल्या संगणकावर चालतो, ही सुरक्षेच्या दृष्टीने केवढी मोठी फट होती, हे वेगळे सांगावयास नको.

फिलिप एबी यांचे ‘सेटअपटूल्स’ (२००४) आणि इयन बिकिंग यांचे ‘पिप’ (२००८) यांनी उतरविणे, शोधणे आणि परस्परावलंबन सोडविणे ही कामे पुष्कळ सोपी केली. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेल्या मॉड्यूलांचा प्रश्न येथे जवळजवळ सुटला. विज्ञानाच्या मॉड्यूलांचा मात्र जैसे थे राहिला, आणि त्याचे कारण थोडे उकलून पाहणे आवश्यक आहे.

पायथन.ऑर्गवरून मिळणारी विंडोजची पायथन ही मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेली असते. प्रत्येक आवृत्ती त्या कंपायलरच्या एका ठरावीक पिढीशी जखडलेली असे. पायथन २.७ चे नाते व्हिज्युअल स्टुडिओ २००८ शी, ३.४ चे २०१० शी. सी भाषेचा प्रत्येक प्रोग्राम एका ‘रनटाइम’ लायब्ररीवर उभा असतो. स्मृती मागणे, परत करणे, फाइल उघडणे ही कामे तीच करते. पायथन एका रनटाइमवर आणि मॉड्यूल दुसऱ्या रनटाइमवर बांधलेले असेल, तर एकाने घेतलेली स्मृती दुसरा परत करू पाहतो आणि प्रोग्राम कोसळतो. म्हणून कंपायलर असून भागत नसे, तो नेमक्या पिढीचा असावा लागे. ‘व्हीसीव्हार्सऑल.बॅट ही फाइल सापडत नाही’ असा त्या काळचा एक त्रुटिसंदेश आहे. २०१० च्या आसपास विंडोजवर पायथन शिकलेल्या पिढीला तो आजही तोंडपाठ असेल. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने केवळ पायथन २.७ साठी वेगळा कंपायलर विनामूल्य दिला. नंतर रनटाइमची रचनाच बदलली, आणि २०१५ मधील पायथन ३.५ पासून ही पिढ्यांची जखडण सैल झाली.

सायपायच्या वाट्याला याखेरीज आणखी एक अडथळा होता: फॉरट्रान. संख्यात्मक समाकलनाचे क्वाडपॅक, अवकल समीकरणांचे ओडीईपॅक, किमान मूल्य शोधण्याचे मिनपॅक हे संच १९७०-८० च्या दशकांतले. ते अमेरिकेतील आर्गोन, लिव्हरमोर यांसारख्या प्रयोगशाळांत आणि युरोपातील विद्यापीठांत लिहिले गेले, आणि इतके कसून तपासले गेले की पुन्हा लिहिण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे. सायपायने ते जसेच्या तसे आत घेतले. परंतु मायक्रोसॉफ्टकडे फॉरट्रानचा कंपायलर नव्हता. मुक्त असलेला ‘जीफॉरट्रान’ होता तो जीएनयू घराण्यातला; त्याची रनटाइम निराळी. दोन घराण्यांचा संसार एका छपराखाली चालेना. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर जो तोडगा निघाला त्यात फॉरट्रानचा भाग जीफॉरट्रानने बांधून वेगळ्या डीएलएल फाइलींत बंद केला गेला, आणि उरलेला सीचा भाग मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधून त्या फाइलींना बाहेरून जोडला गेला. १.० मधल्या त्या ‘विंडोज व्हील’चे रहस्य हेच.

तोवर विंडोजवाल्यांनी काय केले? बहुतेकांनी एका माणसाचा आधार घेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रतिदीप्ती-प्रयोगशाळेतील क्रिस्तोफ गोल्के हे शेकडो वैज्ञानिक मॉड्यूले विंडोजसाठी स्वतः बांधून आपल्या पानावर ठेवीत. ‘अनधिकृत’ असे त्या पानाच्या शीर्षकातच लिहिलेले असे. प्रत्यक्षात जगातील असंख्य वर्गांचे आणि प्रबंधांचे काम त्या अनधिकृत पानावर चाललेले होते. दुसरा आधार होता ‘ॲनाकोंडा’चा. ओलिफंट आणि पीटर वँग यांच्या कंपनीने २०१२ मध्ये ‘कोंडा’ हे साधन आणले. कोंडा केवळ पायथनची मॉड्यूले हाताळीत नाही. फॉरट्रानच्या लायब्रऱ्या, आकडेमोडीची साधने आणि खुद्द पायथन यांनाही ते सुटी पुडकी मानते. वैज्ञानिकांच्या गरजा निराळ्या असल्याने त्यांनी स्वतःची व्यवस्था स्वतःच उभारावी, असे व्हान रॉसम यांनीच सुचविले होते. सल्ला व्यवहार्य होता. परंतु त्यामुळे एकाच भाषेची दोन बिऱ्हाडे झाली आणि दोन्हींकडची मॉड्यूले मिसळणाऱ्या नवशिक्याची पंचाईत आजतागायत चालू आहे.

लिनक्सचे दुखणे याच्या उलट होते. कंपायलर सर्वांकडे, पण लिनक्सच्याच शेकडो वितरण-आवृत्त्या. उबुंटूवर बांधलेली फाइल जुन्या रेड हॅटवर चालेल याची शाश्वती नाही. डॅनियल होल्थ यांनी मांडलेले ‘व्हील’ हे तयार मॉड्यूलाचे रूप २०१३ मध्ये मान्य झाले, तेव्हा पायपीआयने विंडोज आणि मॅकची व्हील स्वीकारली, लिनक्सची नाकारली. यातून निघालेली वाट साधी होती, आणि म्हणूनच देखणी. लिनक्सची मूळ सी-लायब्ररी ‘जीलिबसी’ ही मागे पाहून चालते: जुन्या आवृत्तीवर बांधलेले नव्यावर चालते, नव्यावर बांधलेले जुन्यावर नाही. तेव्हा सर्वांत जुन्या, तरीही वापरात असलेल्या प्रणालीवर बांधावे. २०१६ मध्ये त्यासाठी २००७ ची सेंटओएस ५ निवडली गेली. लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या व्हीलच्या पोटातच भरावयाच्या आणि त्या नियमात बसतात की नाही हे एका तपासनीस प्रोग्रामने पाहावयाचे. या योजनेला ‘मेनीलिनक्स’ म्हणतात. आज लिनक्सवर नमपाय काही सेकंदांत बसते ते या जुनाट पायावर.

भारताच्या संदर्भात या कथेला वेगळे वजन येते. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षण मोहिमेतून चालतो. महाविद्यालयांतील महागडी परवानाधारक सॉफ्टवेअरे जाऊन तेथे सायलॅब, पायथन यांसारखी मुक्त साधने यावीत हा त्याचा उद्देश. त्याच संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले प्रभू रामचंद्रन हे ‘मायावी’ या त्रिमितीय चित्रणाच्या पायथन साधनाचे कर्ते. मायावी बसविणे हे बराच काळ सायपाय बसविण्याहूनही कठीण होते, कारण तिच्या तळाशी व्हीटीके ही सी++ मधील अवाढव्य लायब्ररी आहे. २००९ मध्ये तिरुवनंतपुरमला ‘सायपाय इंडिया’ ही परिषद भरली आणि पुढे ती मुंबईत रुळली. फॉसीसोबत वाढलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने भारतीय भाषांत, मराठीतही, संगणकाचे पाठ ध्वनिमुद्रित केले. इंटरनेटवाचूनही ते चालावेत अशी त्यांची रचना आहे. या तपशिलाचे महत्त्व मोठे आहे: ज्या प्रयोगशाळेत तीस संगणक आणि एकच मंद जोडणी आहे, तेथे ‘एका ओळीत बसते’ हे वाक्य तीस वेळा उतरवून घेण्याच्या प्रतीक्षेत विरून जाते.

म्हणूनच व्हीलचा एक गुण आपल्याकडे अधिक सांगितला गेला पाहिजे. ती एक सुटी, पूर्ण फाइल आहे. एका संगणकावर पिपच्या ‘डाउनलोड’ या आज्ञेने लागणाऱ्या सर्व व्हील एका फोल्डरात गोळा कराव्यात, पेनड्राइव्हवर घ्याव्यात, आणि इतर संगणकांवर पिपला भांडाराऐवजी तो फोल्डर दाखवावा. इंटरनेट लागत नाही. अट एकच: कार्यप्रणाली, प्रोसेसर आणि पायथनची आवृत्ती जुळली पाहिजे. ती जुळते की नाही हे व्हीलच्या नावातच लिहिलेले असते.

सीबीएसईच्या बारावीच्या ‘इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस’ या विषयात आज ‘पांडास’ आणि ‘मॅटप्लॉटलिब’ आहेत. दोन्ही मॉड्यूले पायथनसोबत येत नाहीत, बाहेरून बसवावी लागतात, आणि दोन्हींच्या पोटात बांधलेला कोड आहे. व्हील नसती, तर शाळकरी मुलांच्या अभ्यासक्रमात ही नावे घालण्याचे धाडस कोणा मंडळाने केले असते, असे वाटत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी निराळी वाट धरली. तेथे राज्याने घडविलेली जीएनयू/लिनक्स प्रणालीच सर्वत्र बसविली जाते आणि लागणारी साधने तिच्यातच येतात. प्रत्येक शिक्षकाने स्वतंत्रपणे झगडण्यापेक्षा एका ठिकाणी एकदाच बांधावे, हा क्रॅनचाच विचार.

संशोधनात मात्र सर्व काही एका ओळीत आलेले नाही. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीची विदा ज्या ‘कासा’ प्रणालीने अनेक खगोलशास्त्रज्ञ तपासतात, ती आता पिपने बसणाऱ्या मॉड्यूलांच्या रूपातही मिळते. पण लिनक्सवर आणि मॅकवर. विंडोजवाल्या विद्यार्थ्याने आधी विंडोजच्या पोटात लिनक्स बसवावी.

२००० साली भाषेत आलेले डिस्ट्युटिल्स ऑक्टोबर २०२३ मधील पायथन ३.१२ मधून काढून टाकण्यात आले. त्याच सुमारास लिनक्सच्या काही वितरणांनी, उदाहरणार्थ डेबियन १२ ने, प्रणालीच्या स्वतःच्या पायथनमध्ये पिपने काही बसविण्यास बंदी केली. आधी आभासी परिसर तयार करा, मग हवे ते बसवा, असे ती वापरणाऱ्याला सांगते. वर्षानुवर्षे ‘सुडो’ लावून पिप चालविण्याचा सल्ला ज्यांनी दिला आणि घेतला, त्यांच्या प्रणाली त्यामुळे कशा मोडल्या हे आठवले म्हणजे ही सक्ती अन्यायाची वाटत नाही.

दरम्यान देशात नव्या जातीचे प्रोसेसर तयार होत आहेत. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे दोन्ही रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी ‘डीआयआर-व्ही’ हा कार्यक्रम जाहीर केला. व्हील प्रोसेसरनिहाय बांधावी लागते; इंटेलसाठी बांधलेली येथे चालत नाही, आणि या आज्ञासंचासाठी तयार व्हील अद्याप मोजक्याच मॉड्यूलांच्या मिळतात. अशा संगणकावर लिनक्स चढवून पिपला एखादे वैज्ञानिक मॉड्यूल मागितले, की बहुधा उगम-संहिताच हाती येते. मग कंपायलर शोधावयाचा, फॉरट्रानचा कंपायलर शोधावयाचा, आणि बांधणी पूर्ण होईपर्यंत पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी पाहत बसावयाचे.